कै. नारायण मल्हार जोशी : मालक, सरकार आणि मजूर यांच्या मधला माणूस

मुंबईस लोअर परळ स्टेशनाजवळून जाणाऱ्या डिलाइल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. मुंबईत सोयरीक नाही असे मराठी कुटुंब भोपाळात विरळा, तेव्हा ह्या रस्त्याने आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. परंतु हे जोशी कोण, असा प्रश्न केला तर जाणत्या घरांतूनही उत्तर मिळेलच असे नाही. नाव सर्वांस ठाऊक आणि माणूस कुणास ठाऊक नाही, असे ज्या थोड्यांच्या बाबतीत घडले त्यांत हे एक.

त्यांची आठवण काढण्यास आज एक निमित्तही आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता अमलात आणल्या आणि एकोणतीस जुने कायदे त्यांच्या पोटात गेले. त्यांत १९२६ चा ट्रेड युनियन कायदा होता, १९२३ चा अपघात-नुकसानभरपाईचा कायदा होता, १९३६ चा पगारवाटपाचा कायदा होता. ह्या तिन्ही कायद्यांच्या जन्माशी नारायणरावांचा संबंध होता. पहिल्याची तर मागणीच त्यांनी सभागृहात केली होती. नवे कायदे बरे की वाईट, हा वाद ज्याने त्याने करावा. जुने कायदे आकाशातून पडले नव्हते, एवढे मात्र त्या वादात उतरणाऱ्यास माहीत असावे.

नारायणरावांचा जन्म ५ जून १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन कॉलेज, १९०१ साली बी. ए., मग काही वर्षे शिक्षकी, असा त्या काळच्या हुशार आणि गरीब ब्राह्मण मुलाचा ठरलेला मार्ग त्यांनी चोखाळला. वळण लागले ते १९०९ साली, गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले तेव्हा. समाजाचा सभासद होणे म्हणजे बेताच्या निर्वाहवेतनावर जन्म काढण्याची शपथ घेणे. गोखल्यांची शिकवण अशी होती की सार्वजनिक कामात भावना असावीच, परंतु आधी आकडे जमवावेत. ही शिकवण पुष्कळांनी ऐकली. नारायणरावांनी ती अंगी बाणवली.

१९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग निघाली. सर नारायण चंदावरकर अध्यक्ष आणि सारे काम जोशांच्या अंगावर. तोवर गिरणगावाविषयी बोलणारे लोक बहुधा गिरगावात राहत. लीगची माणसे चाळींतून हिंडली. एका खोलीत किती माणसे राहतात, पठाणाचे व्याज काय दराने चढते, पगाराच्या दिवशी दारूच्या गुत्त्यावर किती जाते, ह्याची चौकशी त्यांनी केली. मग रात्रशाळा निघाल्या, फिरती वाचनालये निघाली, सहकारी पतपेढ्या निघाल्या, बायकांसाठी शिवणाचे वर्ग निघाले. परळचे दामोदर नाट्यगृह हे ह्याच लीगचे. गिरणी कामगारांच्या नाटकांनी, दशावताराने आणि नमनखेळ्यांनी ते वर्षानुवर्षे गजबजले. मराठी रंगभूमीचा इतिहास सांगताना गिरगावातल्या नाट्यगृहांची नावे घेतली जातात आणि परळचे नाव राहून जाते, हे प्रस्तुत लेखकास नेहमीच खटकत आले आहे. असो.

ह्या आठ-दहा वर्षांत जोशांच्या ध्यानात एक गोष्ट आली असावी, असे त्यांच्या पुढील वागणुकीवरून दिसते. रात्रशाळेत अक्षर शिकलेल्या मजुराला बारा तासांच्या पाळीनंतर डोळे उघडे ठेवता येत नाहीत. म्हणजे शाळेचा प्रश्न हा शेवटी कामाच्या तासांचा प्रश्न होतो, आणि तासांचा प्रश्न कायद्याचा. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषाकडून रोज बारा तास काम घेण्याची मुभा होती.

१९१९ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहातून जन्मलेल्या ह्या संस्थेची रचना जगास नवीन होती. प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी, त्यांपैकी दोन सरकारचे, एक मालकांचा आणि एक मजुरांचा. आणि चौघांनीही स्वतंत्रपणे मत द्यायचे. हिंदुस्थानच्या बाजूने सरकारतर्फे लुई केर्शा आणि अतुल चॅटर्जी, मालकांतर्फे सर अलेक्झांडर मरे, आणि मजुरांतर्फे नारायण मल्हार जोशी, मद्रासचे बी. पी. वाडिया हे जोशांचे सल्लागार.

त्या परिषदेने जगासाठी आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा ठरवला. हिंदुस्थानसाठी मात्र साठ तासांचा आठवडा, असे वेगळे कलम घातले गेले. आज हा अन्याय वाटतो आणि तो होताच. पण मुंबईच्या गिरणीत रोज बारा तास उभ्या राहणाऱ्या जॉबर-साच्यावाल्याच्या दृष्टीने साठ तास म्हणजे रोजचे दोन तास सुटणे होते. १९२२ साली फॅक्टरी कायदा दुरुस्त होऊन हा साठ तासांचा आठवडा देशात लागू झाला, आणि लहान मुलांच्या नेमणुकीचे किमान वयही वाढले. १९३४ साली तो चौपन्न तासांवर आला आणि १९४६ साली अठ्ठेचाळीसवर. वॉशिंग्टनला जगाने जे मान्य केले ते आपल्याकडे यायला सत्तावीस वर्षे लागली.

त्या परिषदेतून जोशांबरोबर एक अवघड प्रश्नही घरी आला. मजुरांचा प्रतिनिधी म्हणून त्यांस सरकारने निवडले होते, कारण देशातल्या सर्व मजुरांच्या वतीने माणूस निवडील अशी संघटनाच नव्हती. सरकारने नेमलेला मजुरांचा प्रतिनिधी हा शब्दप्रयोगच कानाला विचित्र लागतो. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एम्पायर थिएटरात लाला लजपतरायांच्या अध्यक्षतेखाली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस भरली, तिच्यामागे देशातील संपांची लाट होती, राजकारण होते, आणि ही अडचणही होती. पुढे ह्या काँग्रेसचे सरचिटणीसपद जोशांकडे १९२५ साली आले.

दरम्यान मद्रासेत जे घडले त्याने मजूर संघाचे अस्तित्वच धोक्यात आले. बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या बिनी कंपनीने वाडियांवर हायकोर्टात दावा लावला. कामगारांना संपास उद्युक्त करून कंपनी आणि कामगार यांतील करार मोडावयास लावला, हा आरोप. आणि कोर्टाने मनाई हुकूम दिला. अखेर वाडियांनी युनियनशी संबंध सोडावा ह्या अटीवर कंपनीने दावा मागे घेतला. म्हणजे उद्या कुठलाही मालक कुठल्याही युनियनच्या चिटणिसास वकिलांच्या खर्चाने धुळीस मिळवू शकणार. जोशी तेव्हा नव्या मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांसाठी राखलेल्या सरकारनियुक्त जागेवर होते. १९२१ च्या मार्चमध्ये त्यांनी ठराव आणला की युनियनांची नोंदणी व्हावी आणि त्यांस कायद्याचे संरक्षण मिळावे. सरकारने तत्त्व मान्य केले आणि कायदा करायला पाच वर्षे घेतली.

१९२६ चा हा कायदा १ जून १९२७ पासून अमलात आला. कोणत्याही सात जणांना युनियन नोंदवता येऊ लागली. संपाच्या कामाबद्दल नोंदलेल्या युनियनवर दिवाणी दावा चालेना. पदाधिकाऱ्यांपैकी निम्मे तरी त्या धंद्यातलेच असले पाहिजेत, असाही नियम झाला. म्हणजे उरलेले निम्मे बाहेरचे चालतील. जोशी स्वतः बाहेरचेच होते. ही सवलत नसती तर अक्षरशत्रू मजुरांच्या त्या पिढीला हिशेब ठेवणारा आणि इंग्रजीत अर्ज लिहिणारा माणूसही मिळाला नसता. मालकाने युनियनला मान्यता दिलीच पाहिजे, ही गोष्ट मात्र कायद्यात आली नाही. नोंदलेली युनियन आणि तिच्याशी बोलायला तयार नसलेला मालक, हे दृश्य त्यापुढे कित्येक दशके ह्या देशाने पाहिले.

सगळेच साधले असे नाही. १९२४ साली जोशांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रियांना कामापासून सुटी आणि त्या काळातील निर्वाह मिळावा म्हणून विधेयक आणले. सरकारने विरोध केला आणि ते पडले. पुढे मुंबई प्रांताने १९२९ साली असा कायदा केला, दुसऱ्या वर्षी मध्य प्रांताने केला. साऱ्या देशासाठीचा कायदा यायला १९६१ साल उजाडले. तोवर जोशांना जाऊन सहा वर्षे झाली होती.

तिघांचा समेट प्रत्यक्षात कसा होतो, ह्याचे त्या काळातील चांगले उदाहरण १९२५ चे आहे. मुंबईच्या गिरणीमालकांनी मंदीचे कारण दाखवून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि सप्टेंबरात दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले. मालकांचे म्हणणे असे की देशी कापडावरची साडेतीन टक्के जकात आमचा जीव घेते. ही जकात लँकेशायरच्या सोयीसाठी बसवलेली, आणि तिच्याविरुद्ध देशातील पुढारी तीस वर्षे ओरडत होते. कामगारांच्या बाजूने उभे राहून जोशांना हे मान्य करावयास काहीच हरकत नव्हती; त्यांचे म्हणणे एवढेच की जकातीचे भांडण सरकारशी आहे, त्याचा भुर्दंड मजुराच्या पोटावर का? सरकारने डिसेंबरच्या सुरुवातीस जकात तहकूब केली, मालकांनी कपात मागे घेतली, आणि गिरण्यांचे भोंगे वाजले. अडीच महिने चुली विझलेल्या घरांनी ह्या समेटाची किंमत दिली होती, हे विसरता येणार नाही.

त्या संपातून १ जानेवारी १९२६ रोजी बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली. जोशी अध्यक्ष, र. रा. बखले चिटणीस. वर्गणी, पावती, हिशेब, तक्रारींची नोंद, असे शिस्तीचे काम. पण वारे बदलत होते. मालकांनी एका माणसास अधिक माग सांभाळावयास लावण्याची पद्धत आणली, आणि १९२८ च्या एप्रिलात सहा महिने चाललेला तो थोरला संप सुरू झाला. तरुण साम्यवादी पुढारी श्रीपाद अमृत डांगे आणि गिरणी कामगारांतून वर आलेले अर्जुन आळवे ह्यांच्या शब्दामागे गिरणगाव होते. जोशांना त्यांचा मार्ग पसंत नव्हता. तरी संप पेटल्यावर ते संयुक्त संप समितीत जाऊन बसले. ऑक्टोबरात फॉसेट चौकशी समिती नेमून संप मिटला. तोवर कामगारांचा ओढा लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनकडे गेला होता, आणि जोशांच्या युनियनचे सभासद तिच्या मानाने मूठभर उरले होते.

आणि मग नागपूर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन राजधानी नागपूरहून भोपाळास आली, तेव्हा ज्या घरांनी सचिवालयाबरोबर बिऱ्हाड हलवले, त्यांतील वडीलधाऱ्यांनी १९२९ च्या त्या अधिवेशनाच्या गोष्टी ऐकल्या असतील. नोव्हेंबरच्या अखेरीस ट्रेड युनियन काँग्रेस नागपुरास भरली, पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष. त्याच वर्षी सरकारने व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखाली मजुरांच्या स्थितीविषयी रॉयल कमिशन नेमले होते, आणि जोशी त्याचे सभासद होते. अधिवेशनाने कमिशनवर बहिष्कार पुकारला. देश सायमन कमिशनच्या अपमानाने धुमसत होता. गोऱ्या अध्यक्षाच्या दुसऱ्या कमिशनला कामगारांनी हार घालावेत, ही अपेक्षा त्या वेळी करता येत नव्हती. जोशी, दिवाण चमनलाल, व्ही. व्ही. गिरी आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून बाहेर पडले आणि त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. ज्या संस्थेचे बाळंतपण त्यांनी केले होते तिच्या दारातून त्यांस चालते व्हावे लागले.

त्यांचा हा निर्णय बरोबर होता काय? राष्ट्रीय चळवळीच्या बाजूने पाहता नव्हता, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. परंतु कमिशनात कोण बसले होते ते पाहावे. वॉशिंग्टनला समोर असलेले सर अलेक्झांडर मरे, मुंबईचे गिरणीमालक सर व्हिक्टर ससून, घनश्यामदास बिर्ला, आणि दुसऱ्या बाजूस चमनलाल आणि जोशी. मजुरांच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या तर अहवाल निघालाच असता, फक्त वेगळा निघाला असता. १९३१ साली आलेला तो अहवाल आजही त्या काळच्या चाळींचे, खाणींचे आणि मळ्यांचे सर्वांत भरवशाचे वर्णन म्हणून वाचला जातो. पगार वेळेवर आणि मनमानी दंड न कापता मिळावा, हा १९३६ चा कायदा त्यातूनच आला. आणि कायदा करण्यापूर्वी सरकार, मालक व मजूर ह्यांनी नियमाने एकत्र बसावे अशी एक कायम परिषद असावी, ही सूचनाही त्यातच होती.

ती सूचना अकरा वर्षे फायलीत पडून राहिली. १९४० व १९४१ साली कामगारविषयक परिषदा भरल्या त्यांत एका टेबलाशी सरकारी माणसेच होती. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत पहिली त्रिपक्षीय परिषद भरली आणि तिच्या अध्यक्षस्थानी नवे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. आपल्या मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेले. त्याच दिवशी मुंबईस गवालिया टँकवर छोडो भारतच्या ठरावासाठी काँग्रेस महासमिती जमली होती, म्हणून वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर दिल्लीच्या बैठकीस जागा मिळणे शक्यच नव्हते. फुटलेली ट्रेड युनियन काँग्रेस १९३८ ते १९४० च्या दरम्यान पुन्हा सांधली गेली होती आणि जोशी तिचे पुन्हा सरचिटणीस झाले होते. ह्या नव्या यंत्रणेत मजुरांच्या बाजूस ते होते.

आता भोपाळकरांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. जोशांनी दिल्लीच्या सभागृहात झगडून मिळवलेले हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानापुरते होते. भोपाळ, ग्वाल्हेर, इंदूर ही संस्थाने आपापले कायदे करीत, किंवा न करीत. मुंबईतला मजूर नोंदलेल्या युनियनचा सभासद होता त्या काळात संस्थानी गिरणीतला मजूर दरबाराच्या मर्जीवर होता. साऱ्या देशात मजुरांचे कायदे एकसारखे असावेत, हा त्रिपक्षीय परिषदेच्या हेतूंपैकी एक होता आणि तीत संस्थानांच्या प्रतिनिधींसही बोलावणे असे. १ जून १९४९ रोजी भोपाळ संस्थान भारत सरकारच्या हाती आले, त्यानंतरच येथील कामगार देशाच्या कायद्याच्या छत्राखाली आला. पुढे पिपलानीस भारी विजेच्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला, आणि त्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ आपल्या कित्येक घरांत आहेत. नोंदलेली युनियन, ठरावीक तास आणि पहिल्या आठवड्यात हाती पडणारा पगार त्यांना इतका स्वाभाविक वाटला की तो कुणी मिळवून दिला हे विचारण्याची गरज पडली नाही.

ह्याच शहरात २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ च्या डिसेंबरात विषारी वायूने एक कामगार मेला होता, आणि त्यानंतर तेथील युनियनने धोक्याची सूचना देणारी भित्तिपत्रके शहरात लावली होती. कायद्याने नोंदलेली युनियन होती, कारखाना निरीक्षकाचे खाते होते, मालक होता. ऐकण्याची सक्ती मात्र कुणावर नव्हती. हजारो माणसे गेल्यावर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात नवे प्रकरण घालण्यात आले. धोक्याचे उत्पादन करणाऱ्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तीत व्यवस्थापनाचे व कामगारांचे सभासद समसमान हवेत. कारखान्यात कोणते विष आहे हे मालकाने कामगारास आणि शेजारपाजारच्या वस्तीस सांगितले पाहिजे. प्राणास धोका दिसताच तो वरिष्ठांच्या नजरेस आणण्याचा कामगारास हक्क आहे. जोशांनी १९१९ साली ज्या रचनेत पहिले पाऊल टाकले, तीच रचना कारखान्याच्या फाटकाच्या आत आली ती ह्या मार्गाने.

२०२० च्या मे महिन्यात करोनाचे कारण सांगून मध्य प्रदेश सरकारने कारखान्यांस बारा तासांच्या पाळीची सवलत दिली. बारा हा आकडा १९११ च्या कायद्यात होता. दिल्लीची ती त्रिपक्षीय परिषद, जिला पुढे भारतीय श्रम परिषद म्हणू लागले, तिची ४६ वी बैठक २०१५ च्या जुलैत झाली, आणि तिच्यानंतर चार संहिता मंजूर होऊन लागू होईपर्यंत ती पुन्हा भरली नाही.

१९३४ पासून जिनिव्हाच्या मजूर संघटनेच्या नियामक मंडळावर मजुरांच्या बाजूने जोशी बसत होते. मध्यवर्ती कायदेमंडळात ते १९४७ पर्यंत राहिले. सरकारने नेमलेला हा सभासद सरकारच्या विधेयकांना दुरुस्त्या सुचवून सरकारविरुद्ध मत देत आला आणि तरी सरकारला दुसरा माणूस सापडेना, ह्यातच काय ते आले. स्वातंत्र्याबरोबर कामगार संघटना पक्षापक्षांत वाटल्या गेल्या. १९४७ च्या मे महिन्यात काँग्रेसने आपली इंटक काढली, समाजवाद्यांनी पुढे वेगळी चूल मांडली, आणि आयटक साम्यवाद्यांच्या हाती उरली. इंटकमध्ये जाण्यास जोशांना कुणी अडवले नव्हते आणि तेथे सत्तेची ऊबही होती. ते गेले नाहीत. १९४८ साली त्यांनी आयटकचे सरचिटणीसपदही सोडले. त्यापुढची सात वर्षे त्यांनी कोणत्याही कामगार पक्षाचा बिल्ला न लावता काढली आणि ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला. डिलाइल रोडला त्यांचे नाव त्यानंतर मिळाले.